थर्टी फर्स्टचा गारेगार ग्लास

अगं, घिवलीच्या घरी मैत्रिणी येणार म्हणालीस, म्हणून लिहितेय. आईला सगळं सांगू नकोस, पण मला विचारलंस ते बरं केलंस. तुला 26 पूर्ण झाली, हे मी मोजलंय. आपल्या राज्यात बिअर-वाइनला 21 चालतात, जिनला 25 लागतात.

आधी बाटलीचं. बोईसरला परवान्याच्या दुकानातूनच घे. कुणी ‘दमणची स्वस्त आणून देतो’ म्हणेल. दमणला कर कमी, म्हणून ती स्वस्त. इकडे आणली की गुन्हा. महागडी नकोच. गोव्यात 2017 पासून निघणारी ‘ग्रेटर दॅन’ पुरे. तिची बहीण ‘हपुसा’. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे जुनिपर, जिनला वास येतो तो त्याच फळांचा. आता हा वास साखरेत बुडवायचा नाही. दारू लागतच नाही असा गोडमिट्ट ग्लास सगळ्यात फसवा. सरबतासारखा घटाघट उतरतो आणि मग बसल्या जागेवरून उठता येत नाही.

परसातला गवती चहा आहे ना? पाच पाती गाठ मारून वाटीभर साखर, वाटीभर पाण्यात पाच मिनिटं उकळ, झाकून गार कर. एका ग्लासाला जिन 45 मिली, हा पाक 15, लिंबाचा रस 15 आणि आगळ एक छोटा चमचा. आगळच हं, बाटलीतलं गोड कोकम सरबत नको. आगळात मीठ असतं, वरून घालू नकोस. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण स्वच्छ धुऊन घे, त्यावर मिलीच्या रेघा असतात. ‘अंदाजे’ नावाचा पेग रात्री दहानंतर फुगत जातो, हे मी अनुभवानं सांगते.

हे सगळं बर्फासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून हाताला गारठा लागेस्तोवर हलव. गाळून मोठ्या बर्फावर ओत, वर सोडा, काकडीची चकती, बस. बर्फ वाटीत गोठव, मोठा खडा सावकाश विरघळतो. सोडा मात्र डब्यात कधी घालू नकोस. मी घातला होता. झाकण छताला आणि आगळ भिंतीला. तो जांभळट डाग दिवाळीच्या रंगापर्यंत राहिला.

750 मिलीच्या बाटलीत असे 16 ग्लास होतात. तुम्ही सहाजणी, दोन-दोन म्हटले तर 12. म्हणजे सकाळी बाटलीत जिन उरलेली दिसली पाहिजे. न पिणारीला हाच ग्लास जिनशिवाय दे, तसाच सजवून. ‘थोडी तरी घे’ म्हणून मागे लागायचं नाही. पोटात आधी काहीतरी जाऊ दे. रव्यातले बोंबील तळ, आगळाच्या आंबटपणाला ते झकास जातात. आणि कुणीही स्कूटी काढून बोईसरला निघायचं नाही. गाद्या माळ्यावर आहेत, सगळ्यांना तिथेच झोपव.

एक राहिलंच. डबा आईचा पापडाचा घेऊ नकोस. गेल्या वेळी तिला वासावरून कळलं होतं.