मांजरीची खाज : आधी कारण ओळखा, मग औषध

धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून आपल्याकडे मांजर पाळतात. जानेफळ आणि मेहकर तालुक्यातल्या इतर वस्त्यांत ती लेकरांच्या अंथरुणातच झोपते. तिला खाज सुटली, केस गळून कातडी लाल झाली, की हाताशी असेल ते औषध लावले जाते. कधी बैलाच्या गोचिडांचे, कधी कपाशीवर फवारायचे. आजार कातडीचा असतो, पण मांजर मरते ती या औषधाने. म्हणून आम्ही आधी कारण ओळखायला सांगतो.

पिसवा : पिसवेच्या लाळेची काही मांजरांना अ‍ॅलर्जी असते. मग थोड्या पिसवा चावल्या तरी शेपटीच्या बुडाशी, मांड्यांवर, मानेवर बारीक खपल्या येतात. उवांच्या फणीने केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजा.

खरूज : डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे होते. कानाच्या कडांवर राखाडी, जाड खपल्या धरतात आणि चेहरा, मान इकडे पसरतात. मांजर सारखी खाजवत राहते.

गजकर्ण : ही बुरशी आहे. गोल चट्टा पडतो, केस तुटतात, कोंडा दिसतो. खाज अनेकदा कमीच असते. हा आजार माणसांना, विशेषतः लहान मुलांना लागतो.

गळू : भांडणात दुसऱ्या मांजराचा दात लागला, की जागा सुजते आणि आत पू होतो.

काय करू नये?

परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधे जनावरांच्या गोचिडांवर आणि पिकांवर वापरतात. मांजरीचे यकृत ती नीट पचवू शकत नाही. लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. असे औषध लागलेच असेल तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवून तिला लगेच डॉक्टरकडे न्या. रॉकेल, फिनेल लावू नका. मांजर अंग चाटते आणि ते पोटात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

काय करावे?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मांजरीसाठीच बनवलेले औषध तिचे वजन पाहून घ्या. पिसवांची अंडी अंथरुणात पडतात, म्हणून गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, जमीन आणि कोपरे झाडा. घरातल्या सगळ्या मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. गजकर्णाचा उपचार कित्येक आठवडे चालतो. चट्टा भरला म्हणून मध्येच थांबवू नका.

घरात कुणाला गोल चट्टा उठला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दुकानातून मिळणाऱ्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण बुरशी वाढते.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर शिकवा : दुखणाऱ्या मांजरीला जबरदस्तीने धरू नये. ती चावली किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जा. जखम लहान आहे म्हणून घरी बसू नका.