निकालाचा कागद

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, की गावात एकच बोलणे सुरू होते. "कुणाचा पोरगा पास? कुणाची पोरगी नापास?" पण या परीक्षेच्या निकालात पास-नापास असे नसतेच. मग काय असते? ते आज वाचू.

ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. साऱ्या राज्यात ती एकाच दिवशी होते. २०१७ सालापासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. २०२५ साली सरकारने ती पुन्हा चौथी आणि सातवीला घ्यायचे ठरवले. आपण पाचवीच्या निकालाचे उदाहरण घेऊ.

परीक्षेत दोन पेपर असतात.

पहिला पेपर : प्रथम भाषा ५० गुण, गणित १०० गुण. एकूण १५०.

दुसरा पेपर : तृतीय भाषा ५० गुण, बुद्धिमत्ता चाचणी १०० गुण. एकूण १५०.

मराठी शाळेत प्रथम भाषा मराठी आणि तृतीय भाषा इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाला २ गुण असतात. प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात. त्यांतले बरोबर उत्तर ओळखून त्याचा गोल काळा करायचा.

आता तीन शब्द नीट समजून घ्या.

पात्र : प्रत्येक पेपरात शेकडा ४० गुण, म्हणजे १५० पैकी निदान ६० गुण मिळाले, तर मूल पात्र.

अपात्र : एका जरी पेपरात ६० पेक्षा कमी गुण पडले, तर मूल अपात्र. दोन्ही पेपरांची बेरीज मोठी असली तरीही.

शिष्यवृत्तीधारक : शिष्यवृत्त्या मोजक्याच असतात. पात्र मुलांची गुणांप्रमाणे यादी लागते. यादीत वर असलेल्या मुलांनाच पैसे मिळतात. म्हणून "पोरगं पात्र झालं, आता पैसे येणार," असे समजून उसनवारी करू नका. गुणवत्ता यादीत नाव आहे का, ते आधी पाहा.

आता एक निकाल वाचू. समजा, एका मुलीला असे गुण मिळाले :

मराठी ३६, गणित २०. पहिला पेपर ५६.
इंग्रजी ३०, बुद्धिमत्ता ७२. दुसरा पेपर १०२.
एकूण ३०० पैकी १५८. शेरा : अपात्र.

बाप शेरा वाचतो आणि म्हणतो, "नापास झाली. आता कशाला शाळा? येऊ दे रानात कामाला."

थांबा, बाबा! शेरा एका शब्दाचा आहे. आकडे काय सांगतात ते तरी बघा.

एकूण गुण शेकडा ५२ च्या वर आहेत. पहिल्या पेपरात फक्त ४ गुण कमी पडले. ४ गुण म्हणजे दोन प्रश्न. दोन प्रश्नांसाठी पोरीची शाळा सोडवायची काय?

बुद्धिमत्तेत १०० पैकी ७२ आहेत. पोरगी विचार करून उत्तरे देते. दुखणे आहे ते गणितात. तिथे ५० पैकी १० च प्रश्न बरोबर आले. चार उत्तरांतून डोळे झाकून गोल काळे केले, तरी १२-१३ प्रश्न सहज बरोबर येतात. म्हणजे गणितात काहीतरी अडले आहे. भागाकार येत नाही का? अपूर्णांक कळले नाहीत का? की वेळच पुरला नाही? की गोल करताना ओळ चुकली? हे तिला मायेने विचारा. मारून विचारले, तर मूल गप्प बसते.

जोंधळा चांगला आला आणि हरभरा बुडाला, तर आपण सगळे रान नापीक म्हणत नाही. हरभरा का बुडाला, ते बघतो. मुलाच्या निकालाचेही तसेच आहे.

मग काय करावे?

१. निकाल संगणकावर लागतो. शाळेत जा. विषयवार गुण कागदावर लिहून मागा.
२. बेरीज स्वतः करून पाहा.
३. गुणांबद्दल शंका असेल, तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. त्याला मुदत असते. मुदतीच्या आत गुरुजींना भेटा.
४. गुरुजींना "पोर हुशार आहे का?" असे विचारू नका. "कुठं अडतंय? घरी काय करून घेऊ?" असे विचारा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही परीक्षा वर्गाच्या परीक्षेहून वेगळी आहे. इथे अपात्र ठरलेले मूल त्यामुळे वर्गात मागे राहत नाही. त्याची शाळा चालूच राहते. ती चालू ठेवणे आपल्या हाती आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते. पण एका कागदावरून लेकराची परीक्षा होत नाही.

प्रश्न
१. पात्र आणि शिष्यवृत्तीधारक यांत फरक काय?
२. एका मुलाला पहिल्या पेपरात ९० आणि दुसऱ्या पेपरात ५८ गुण मिळाले. तो पात्र की अपात्र? त्याला किती प्रश्न कमी पडले?
३. तुमच्या मुलाचा निकाल आणा. कोणत्या विषयात गुण कमी आहेत, ते वहीत लिहा.