ट्रम्पेटला वायरलेस क्लिप माइक

प्रश्न : मी बँड पथकात ट्रम्पेट वाजवतो. वरातीत चालताना वापरायला वायरलेस क्लिप माइक घेतला. पण वरच्या सुरांना आवाज फाटतो आणि मधूनच तुटतो. काय करावे?

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. भोंग्याच्या तोंडाशी ट्रम्पेटचा आवाज १२० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. बोलण्यासाठीचा कॉलर माइक तिथे टिकत नाही. किमान १३० डेसिबल सोसणारा, खास वाद्यांसाठीचा कार्डिऑइड माइक घ्या. क्लिप भोंग्याच्या कडेला लावा आणि माइक साधारण १० सेंटिमीटर पुढे, मध्यापासून जरा बाजूला ठेवा. ट्रान्समीटरचा गेन सर्वांत जोरदार सूर वाजवून ठरवा. तिथे फाटलेला आवाज मिक्सरवर सुधारत नाही.

आवाज तुटणे २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत जास्त आढळते. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात, शिवाय गर्दीतली शरीरे या लहरी शोषतात. म्हणून रिसीव्हर गाडीवर, लोकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा. स्पीकरच्या समोर उभे राहू नका, नाहीतर शिट्टी येईल. लहान सभागृहात मात्र माइक बंदच ठेवा. ट्रम्पेटचा मूळ आवाज तिथे पुरेसा असतो.