समुद्राने आणून टाकलेल्या वस्तूची ओळख

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे २५० किलोमीटर अंतरावर ग्रीन हेड ही लहानशी वस्ती आहे. जुलै २०२३ मध्ये तेथील वाळूवर तांबूस रंगाचे एक प्रचंड नळकांडे आढळले. ते सुमारे अडीच मीटर उंच होते. जहाजांच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जीवांची त्यावर दाट वाढ झालेली असल्याने ते दीर्घकाळ समुद्रात तरंगत असावे, एवढे उघड होते. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाचा हा अवशेष असावा, असा तर्क लगोलग पसरला. अशा प्रसंगी तर्कांना तोटा नसतो.

पोलिसांनी ओळखीपूर्वी सुरक्षिततेचा प्रश्न हाती घेतला, हे योग्यच झाले. कारण अशा पात्रात ज्वालाग्राही वा विषारी द्रव्याचा अंश उरलेला असू शकतो. वस्तूभोवती पहारा ठेवण्यात आला, लोकांना दूर राहण्यास सांगण्यात आले. अग्निशमन विभाग व राज्याची रसायन प्रयोगशाळा यांच्या तपासणीनंतर धोका नसल्याचे जाहीर झाले.

३१ जुलै रोजी ऑस्ट्रेलियन अंतराळ संस्थेने निष्कर्ष दिला : वस्तू बहुधा भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग होय. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा. शास्त्रीय निर्णय पुराव्याच्या मर्यादेपलीकडे जात नाही.

या अग्निबाणाचे चार टप्पे असून पहिला व तिसरा घन इंधनावर चालतात. तिसऱ्या टप्प्यातील सुमारे साडेसात टन इंधन जळून गेले की त्याचे रिकामे कवच अलग होऊन खाली येते. उड्डाणमार्ग मुद्दाम समुद्रावरून आखलेला असल्याने ते पाण्यात पडते. हे कवच पोलादाचे नसून मजबूत तंतूंपासून बनविलेले, हलके असते. असे पोकळ पात्र प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जाऊ शकते.

कोकण वा गोव्याच्या किनाऱ्यावर अनोळखी नळकांडे, पिंप वा टाकी आढळल्यास ती हलवू, फोडू वा घरी नेऊ नये. जवळच्या पोलीस ठाण्यास वा सागरी पोलिसांस कळवावे. मोडीत विकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अवकाशयानाचा भाग कोठेही पडला, तरी त्याची मालकी बदलत नाही, आणि त्याने भूपृष्ठावर हानी झाल्यास १९७२ च्या करारान्वये भरपाईचे दायित्व प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राकडे जाते.