दिवाळीची पोस्त

चि. माधव यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझ्या खोलीतील सोबत्याचे वडील परवा येथे एका लग्नात भेटले. ह्यूस्टनच्या एका उपाहारगृहात तुम्ही पाच जण यथेच्छ जेवलात आणि बिलाखालच्या बक्षिसीच्या रकान्यात शून्य लिहून तू उठलास, ही हकीकत त्यांनी मला सांगितली, तीही कौतुकाने. पोरगा तत्त्वाचा पक्का आहे म्हणाले. वाढणारी बाई तुमच्या मागोमाग दारापर्यंत आली होती म्हणे. माधवा, तू वळून तिच्याकडे पाहिलेस का?

तुझी कैफियत मला ठाऊक आहे. मुशाहिरा देणे हे मालकाचे कर्तव्य, पदार्थाची किंमत चुकती केली की गिऱ्हाइकाचे देणे फिटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चात, हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क सक्तीने लावू नये, असा निर्णय दिला तेव्हा ती बातमी मला तूच धाडली होतीस, आणि तो निर्णय मलाही मान्य आहे. परंतु तू राहतोस त्या टेक्सासात बक्षिसीवर जगणाऱ्या नोकराला तासाला २.१३ डॉलर दिले की मालक बव्हंशी मोकळा होतो, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बक्षिसी धरूनही ७.२५ भरत नसतील तर उरलेली तूट मालकाने भरावी असा कायदा आहे खरा. पण कायद्यातली भरपाई आणि पदरात पडणारी भरपाई यांतले अंतर, मुलकी खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या तुझ्या मामाला कोणी समजावून सांगायला नको.

हा शिरस्ता न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. त्याच देशात, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत तुटपुंज्या पगारावर नेमले, उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर सोपवले, आणि प्रवासी त्या सर्वांना मालकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली, आणि बारा वर्षांच्या झुंजीनंतर १९३७ साली कंपनीला करार करावा लागला. शिरस्ता मोडायचा तर तो असा, मालकाच्या दारात उभे राहून मोडावा. रकान्यात शून्य लिहिल्याने मालकाचे काय गेले? गेले ते त्या बाईचे. आणि तू वळून पाहिलेस की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

आपल्या घराण्यातले हे तर्कट तुझ्या आईकडून, म्हणजे माझ्याच बाजूने आलेले आहे, म्हणून इतके लिहितो. १९७२ ची दिवाळी, दुष्काळाचे वर्ष. मला नोकरी लागून एकच वर्ष झाले होते आणि नियमपुस्तक तोंडपाठ होते. पोस्टमन पोस्त मागण्यासाठी ओसरीवर आला. दोन रुपयांचा मामला. सरकारी नोकराने रयतेकडून पैसा घेणे गैर आहे, असे व्याख्यान मी त्याला चारचौघांत दिले. तो ‘बरंय साहेब’ म्हणाला आणि सायकल हाती धरून चालत गेला. तुझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. मी धाडलेल्या मनीऑर्डरीच्या कुपनावरचा मजकूर तिला कोण वाचून दाखवतो, याची चौकशी मी कधी केली नव्हती. ते तिने पुढे केव्हातरी सहज सांगितले. त्या दिवाळीनंतरही अकरा वर्षे तोच वाचून दाखवीत होता. नियमाने मी बरोबर होतो, आजही आहे. त्याचे नाव मात्र मी कधी विचारले नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही.

रागावून लिहायला बसलो होतो, पण राग बहुतेक वरच्या पानावरच संपला. शिष्यवृत्तीत भागवताना तुझी ओढाताण होते हे मी जाणतो. हात आखडला असेल तर ते तसे कळवायचे होतेस, तत्त्वाची शाल कशाला पांघरलीस? समोरचे जोशी दसऱ्यानंतर मुलीकडे तिकडे येत आहेत. त्यांच्यासोबत चकलीची भाजणी आणि पन्नास डॉलर देत आहे. त्याच उपाहारगृहात एकदा जा. जेवण तुझे, बक्षिसी माझी. ती बाई असली तर तिचे नाव विचार आणि मला कळव.

भाजणीत मामीने ओवा घातलेला नाही, तुला आवडत नाही म्हणून.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा