रविवार नको, तिथी बघा

मुंबईहून तुम्ही भाचरं गिरीजला येता, पिशव्या ओट्यावर टाकता आणि लगेच 'मामा, समुद्रावर जाऊ' सुरू! जा की. भुईगाव, रानगाव जवळच आहेत, सुरुची बागही लांब नाही. पण निघण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा.

तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार आणि भर दुपारी बाराला समोर नुसता गाळ. पोरांना डुंबायचं असेल तर त्या दुपारी येऊन काय करणार? एकादशीला सव्वाआठ, तेव्हा सकाळी लवकर उठा. थोडं मागेपुढे होतं, अगदी मिनिटावर जाऊ नका. मोबाइलवरही वेळा मिळतात, पण हा हिशेब तोंडपाठ असलेला बरा.

आमचा किनारा सपाट. ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि परत येताना सगळं समोरूनच येईल असं नाही. आधी सखल पाट भरतात. तुम्ही शिंपले वेचत पुढे गेलेले, पायाखाली वाळू कोरडी, आणि मागे वळून बघावं तर किनारा नि तुमच्यामध्ये गुडघाभर पाणी! म्हणून पाणी वळलं की आपणही वळायचं. अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन दिवस उधाण असतं, पाणी झपाट्याने चढतं. लहान पोरं बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, बरा.

पोहायचं ते चढत्या पाण्यात, तेही कमरेपर्यंतच. उतरत्या पाण्याला ओढ असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम जातो. आडवं पोहत बाजूला निघा, मग आत या. पावसाळ्यात तर पाण्यात पाय घालूच नका. त्या दिवसांत जेलीफिशही येतात. डंख झालाच तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

सुरूची सावली विरळ असते, तेव्हा टोपी आणि प्यायचं पाणी घरूनच न्या. त्याच्या वाळक्या काड्या चटकन पेटतात. चूल मांडायची हौस तिथे नको. खायला पोळी-भाजी आणि वसईची सुकेळी पुरे. थंडीत भुईगावला कुरव उतरतात. त्यांना वेफर टाकू नका, फोटो लांबूनच काढा.

आणि गाडी डांबरी रस्त्यावरच लावा. वाळूत घातली की चाकं रुततात, तोवर भरती येते, आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. त्याच्याशी घासाघीस करायला मला फोन करायचा नाही.