सातबारा, आधार आणि अंगठा: कागदपत्रांची राखण

खरिपाची पेरणी आटोपली की पीक विम्याची धावपळ सुरू होते. सेवा केंद्रावर आधार, पासबुक, सातबारा आणि मोबाईल नंबर एकदमच दिला जातो. पुष्कळजण तर घरूनच दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून मोकळे होतात. विमा भरला जातो, पण ते फोटो त्या मोबाईलमध्ये तसेच पडून राहतात. सोयाबीनच्या थप्पीला आपण रात्रभर राखण बसतो, कागदांना मात्र कोणी बसत नाही.

यात सर्वांत जास्त जपावा लागतो तो अंगठा. गावातील बँक मित्राकडे पैसे काढताना आधार क्रमांक, बँकेचे नाव व बोटाचा ठसा एवढेच लागते. ओटीपी लागत नाही, कार्डही लागत नाही. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून लोकांचे ठसे रबरावर उतरविल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले होते. तेव्हा दस्तावरचा ठसाही निरुपद्रवी समजू नये.

यावर उपाय आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक कुलूप लावता येते. ठसा देण्याची वेळ आली की ते थोड्या वेळापुरते उघडावे. मात्र त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला असावा. जुने सिम बंद पडले असेल तर तो नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो व तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात. म्हणून आधार आणि बँक या दोन्ही ठिकाणी नंबर आधी दुरुस्त करून घ्यावा. पैसे काढताना "ठसा उमटला नाही, पुन्हा लावा" असे सांगितले गेले तर व्यवहार फसल्याची पावती मागावी व खात्यातील शिल्लक पाहूनच पुन्हा बोट ठेवावे.

झेरॉक्स देताना तीवर आडवे "फक्त पीक विम्यासाठी" असे लिहून तारीख व सही करावी. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे, ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. फोटो पाठविलाच असेल तर काम होताच समोर उभे राहून काढून टाकायला लावावा. यात संकोच वाटतो हे खरे, दुकानदार बहुधा ओळखीचाच असतो. पण त्याचा मोबाईल उद्या कोणाच्या हाती जाईल हे त्यालाही माहीत नसते.

आता फोनविषयी. पलीकडचा माणूस तुमचे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र बिनचूक सांगतो आणि आपला विश्वास बसतो. पण विनास्वाक्षरीचा सातबारा महाभूलेखवर कोणालाही पाहता येतो. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील गट नंबर दिल्लीत बसूनही वाचता येतो. त्यामुळे माहिती बरोबर सांगितली म्हणून माणूस कृषी खात्याचा ठरत नाही.

पीएम किसानचा हप्ता दोन हजारांचा, पण त्याच्या नावाने येणारी एपीके फाइल सगळे खाते रिकामे करू शकते. असे ॲप मोबाईलवरील संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी तुम्ही न सांगताही चोराला मिळतो. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती भावकीच्या गटावर का आलेली असेना, उघडू नये.

तरीही पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प राहू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. बँकेचे नाव, वेळ, रक्कम व संदेशातील व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळविले तरच ती अडविता येते. बँकेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे होते की, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याचीच असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये. ओटीपी स्वतःच सांगितला असल्यास मात्र कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच धरले होते. म्हणून अर्जात घडले तसेच लिहावे, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही टाकून घ्यावी.